दोन इंच निळी वायर

भोसरीच्या एका शेडमध्ये लेझर कटिंग मशिनचं पॅनल उघडलं, तेव्हा ती वायर मला लगेच दिसली नाही. चोवीस व्होल्टच्या सगळ्याच वायरी निळ्या असतात, त्यांच्यात ती मिसळून गेली होती. दोन टर्मिनलच्या मध्ये, जेमतेम दोन इंच. तिला फेरूल, म्हणजे टोकाची धातूची टोपी, नव्हतं, नंबर नव्हता. दाराच्या सेफ्टी स्विचची दोन टोकं तिनं परस्पर जोडून टाकली होती. दार उघडं असो की बंद, मशिनला एकच उत्तर जात होतं : दार बंद आहे.

आमच्या धंद्यात याला जंपर म्हणतात. ‘जंपर मारणे’ असं क्रियापदच आहे. स्विचमध्ये धूळ जाते, मशिन मधेच थांबतं, ऑर्डर अडकते, आणि कुणीतरी म्हणतं, आत्तापुरता जंपर मार, गुरुवारी सुट्टीला बघू. असे कितीतरी गुरुवार येतात आणि जातात.

मला बोलावलं होतं दुसऱ्याच कामासाठी. सर्वोचा, म्हणजे मशिनला नेमकं हलवणाऱ्या मोटरचा, अलार्म येत होता. तो अर्ध्या तासात निघाला. मी हात पुसत असताना मशिनवरचा मुलगा जवळ आला. बार्शीकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. “मॅडम, एक विचारू का? वाचताना मधलंच अक्षर गायब होतं. आजूबाजूची दिसतात, पण ज्याच्याकडे बघतो तेच दिसत नाही.”

कधीपासून, विचारलं. महिना झाला म्हणाला. दार उघडून नोझल बघत होतो, त्या दिवसापासून. काही चमकलं नाही, काही दुखलं नाही.

दुखणारच नव्हतं. फायबर लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. पण डोळ्याचं भिंग त्याला आत जाऊ देतं आणि साध्या प्रकाशासारखंच नेमकं पडद्यावर गोळा करतं. पडद्याला वेदना कळत नाही. पत्र्यावरून परावर्तित झालेली एक तिरीप पुरते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्याला स्वतः घेऊन गेले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, बरोब्बर मधोमध, एक व्रण होता. तो जाणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रिक्षातून परत येताना तो मुलगा मला विचारत होता की कामावर हे सांगावं लागेल का.

आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही. त्या मशिनच्या दारांचं आणि इंटरलॉकचं, म्हणजे दार उघडताच मशिन थांबवणाऱ्या जोडणीचं, पॅनल आठ महिन्यांपूर्वी मीच कमिशन केलं होतं, तपासून चालू करून दिलं होतं. कमिशनिंगच्या वेळी दारं बसलेली नसतात, स्विच आलेले नसतात, तेव्हा जंपर मारूनच पुढचं तपासावं लागतं. मीही मारले होते, त्याच निळ्या वायरीच्या तुकड्यांनी. हँडओव्हरच्या चेकलिस्टवर ‘दार उघडून मशिन थांबते का’ या ओळीपुढे बरोबरची खूण आणि माझी सही आहे. सही केलेली मला आठवते. दार उघडलेलं आठवत नाही.

ती वायर माझी होती की नंतर कुणी लावली, हे मला कधीच कळणार नाही.

त्यानंतरच्या रात्री मी वाचत बसायचे. आधी डोळ्यांविषयी, मग लेझरच्या सुरक्षेविषयी, आणि असं करत करत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीपर्यंत पोचले. तिथल्या लेझरची मूळ तरंगलांबी १.०५३ मायक्रॉन. भोसरीच्या शेडमधल्या प्रकाशाची जवळजवळ सख्खी बहीण, तशीच अदृश्य. फक्त तिथं एक बीम नाही, १९२ आहेत. मला एकच जाणून घ्यायचं होतं : ही माणसं बटण दाबण्याआधी निर्धास्त कशी होतात?

थोडक्यात ते काय करतात ते सांगते. जोंधळ्याच्या दाण्यापेक्षाही लहान, सुमारे दोन मिलिमीटरची एक गोळी असते, तिच्यात हायड्रोजनची दोन भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, गोठवून ठेवलेली असतात. ही गोळी सेंटिमीटरभर लांबीच्या धातूच्या नळकांड्यात टांगतात आणि ते नळकांडं दहा मीटर व्यासाच्या पोकळ गोलाच्या मध्यभागी धरतात. त्यावर १९२ बीम एकाच वेळी पडले की गोळी इतकी दबते आणि तापते की आतले अणू एकमेकांत मिसळतात. सूर्यात जे चालतं, तेच इथं क्षणभर. याच प्रयोगशाळेत १९७७ साली वीस बीमचा एक लेझर उभा राहिला होता आणि त्याचं नाव होतं ‘शिवा’, आपल्या शिवाचे अनेक हात डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं. हे वाचलं तेव्हा का कोण जाणे, मला तिथली माणसं एकदम ओळखीची वाटली.

बीम जन्माला येतो तेव्हा त्यात एका जूलचा अब्जावा भाग एवढीच ऊर्जा असते. दीड किलोमीटरचा प्रवास करत, काचेच्या मोठमोठ्या लाद्यांमधून पुन्हा पुन्हा जात, तो फुगत जातो. शेवटी त्याचं अतिनील प्रकाशात रूपांतर होतं आणि तो गोळीकडे जातो. हा मारा चालतो काही नॅनोसेकंद. सेकंदाचे अब्ज भाग केले, तर त्यातले काही.

इथं मी वाचायची थांबले होते. काही नॅनोसेकंदांत कोण काय करणार? बोट उचलायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. कॉम्प्युटरलासुद्धा तेवढ्या वेळात काही बघून, काही ठरवून, काही दुरुस्त करणं शक्य नाही. आमच्या कारखान्यातलं कंट्रोल म्हणजे सतत चालणारी गोष्ट आहे : तापमान वाढलं, व्हॉल्व्ह थोडा बंद कर, दाब उतरला, पंप लाव. चूक झाली तर पुढच्या क्षणी सावरता येते. लेझरच्या शॉटमध्ये, म्हणजे अशा एका माऱ्यात, पुढचा क्षण नसतो. म्हणजे तिथल्या कंट्रोल सिस्टीमचं जवळपास सगळं काम शॉटच्या आधी संपलेलं असतं.

आणि त्या ‘आधी’ला कित्येक तास लागतात. साठ हजारांहून जास्त कंट्रोल पॉइंट आहेत. मी आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी सिस्टीम अडीच हजारांची होती, चाकणच्या एका प्लांटमध्ये, आणि तिची एक एक आय-ओ, म्हणजे आत येणारा किंवा बाहेर जाणारा एकेक सिग्नल, तपासायला आम्हाला सात आठवडे लागले होते. साठ हजार म्हणजे काय हे मला बोटांत कळतं. मोटर, शटर, कॅमेरा, व्होल्टेज, दाब, ऊर्जा मोजणारे सेन्सर. शेकडो छोटे कॉम्प्युटर प्रत्यक्ष यंत्रांशेजारी बसून त्यांच्याशी बोलतात, वरचे कॉम्प्युटर त्यांच्याकडून हालहवाल घेतात आणि क्रम चालवतात. सॉफ्टवेअर बरंचसं एडा आणि जावा या भाषांत लिहिलेलं. एडा नव्या मुलांना ठाऊकही नसते; विमानं आणि क्षेपणास्त्रं ज्या काटेकोर भाषेत लिहीत, ती. आठ-आठ बीमचे चोवीस गट पाडले आहेत आणि प्रत्येक गटाचं नियंत्रण दुसऱ्यापासून वेगळं ठेवलं आहे. एक गट रुसला तर बाकीचे तेवीस गोंधळत नाहीत. ही मांडणी मला फार आवडली. ज्यानं कुणी ती सुचवली असेल, त्यानं कधीतरी एका फ्यूजमुळे अख्खा प्लांट बंद पडलेला पाहिला असणार.

सगळ्यात आधी अलाइनमेंट. बीम गोळीच्या रोखानं साधारण ५० मायक्रॉनच्या अचूकतेनं यायला हवेत, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी चूक. कॅमेरे बीमचा ठिपका बघतात, प्रोग्राम त्या चित्रातून मध्य शोधतो, मोटर आरसे किंचित वळवतात, पुन्हा चित्र, पुन्हा मध्य. प्रत्येक बीमच्या वाटेत वाकवता येणारा एक आरसा आहे, त्याला मागून ढकलणाऱ्या ३९ काड्या आहेत; तापलेल्या काचेमुळे प्रकाशाला आलेला पीळ तो आधीच उलटा पीळ देऊन काढतो. एक वेगळा प्रोग्राम संपूर्ण लेझरचं गणित करून सांगतो की शेवटी एवढी ऊर्जा हवी असेल तर सुरुवातीला किती सोडायची, आणि वाटेत कुठली काच धोक्यात येईल का. मग कमी ऊर्जेवर, फक्त सुरुवातीचा टप्पा चालवून, एक सराव होतो. मला तो शब्द वाचताना ‘रंगीत तालीम’ असाच ऐकू आला. पडदा अजून वर जायचा आहे, पण कपडे चढवलेत.

वेळेचं म्हणाल तर तिथं ३० पिकोसेकंदांची भाषा चालते; पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश ९ मिलिमीटर जातो. हे ९ मिलिमीटर मला नदीपात्रात कळले. पावसाळ्यात संध्याकाळी म्हात्रे पुलाकडून चालत यायचं, तर ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. एकदा मी मुद्दाम थांबून पाहिलं. ताशाची तर्री एका टोकाला, ढोलांची रांग तीस-पस्तीस मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शेवटच्या ढोलापर्यंत ताशा पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. शेवटचा मुलगा कानावर विसंबला तर तो कायम मागे पडणार. त्यांची ताई ओरडून हेच सांगत होती : “कानावर जाऊ नका, हाताकडे बघा!” तिचा हात सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. लेझरमध्ये प्रकाशाहून वेगवान हात कुठून आणणार? म्हणून प्रत्येक बीमची वाट मोजायची, आणि ज्याची वाट लांब त्याला तेवढं आधी निघायला लावायचं. सगळे वेगवेगळ्या घटकेला निघतात आणि एकाच घटकेला पोचतात.

आमच्या जवळ याच्या उलट काम चालतं, आणि पुणेकरांना त्याचं पुरेसं अप्रूप नाही असं मला वाटतं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. आकाशातून आलेली एकच रेडिओ लहर प्रत्येक अँटेनावर वेगळ्या वेळी आदळते, फायबरमधून वेगवेगळं अंतर कापून येते, आणि ते सगळे उशीर मोजून, वजा करून, मग एकत्र जुळवायचे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. त्याच अनुभवावर पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेनं पुढे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे दुर्बिणीच्या नियंत्रणाच्या रचनेत पुढाकार घेतला. त्या दुर्बिणीसाठी निवडलेली टँगो ही नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरची चौकट मुळात फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रापाशी, जन्मली, आणि युरोपातल्या मोठ्या लेझर केंद्रांतही ती वापरतात. अँटेना वळवायची असो की आरसा, खालचा प्रश्न तोच : तू कुठं आहेस, तयार आहेस का, आणि हे तू खरं सांगतोयस ना.

पण मी हे सगळं ज्यासाठी लिहायला बसले, ती गोष्ट वेगळीच आहे. ती काचेवरच्या डागाची आहे.

बीमच्या वाटेतल्या शेवटच्या काचांवर अतिनील प्रकाशाचा मारा इतका जबर असतो की त्यांच्यावर बारीक खड्डे पडतात. डोळ्यांनाही न दिसणारे. प्रत्येक शॉटला ते वाढतात आणि एकदा वाढायला लागले की झपाट्यानं वाढतात. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हे मान्यच केलं नसतं. काच चांगली आहे, शिक्का मार, चल पुढे. इथं शॉट झाल्यावर एक कॅमेरा त्या पोकळ गोलाच्या मध्यभागी आणतात. जिथं आधी गोळी होती तिथं उभं राहून तो एकेका बीमच्या काचा न्याहाळतो. प्रोग्राम प्रत्येक डाग शोधतो, त्याची नोंद ठेवतो, मागच्या खेपेच्या चित्राशी ताडून बघतो : हा तेवढाच आहे, हा वाढला, हा नवा. १९२ बीमच्या सगळ्या शेवटच्या काचांवरच्या प्रत्येक जखमेची ही वही आहे.

आणि डाग धोक्याच्या आकाराकडे निघाला की काय करतात? त्या बीमच्या अगदी उगमापाशी, प्रकाश अजून कोवळा असतो तिथं, त्यावर एक टिकलीएवढी सावली पाडतात. द्रव स्फटिकाची एक पाटी असते, आपल्या मोबाइलच्या पडद्याच्या जातीची, तिच्यातला हवा तेवढा भाग काळा करता येतो. ती सावली बीमबरोबर वाढत, दीड किलोमीटर चालत येते आणि बरोबर त्या डागावर पडते. बाकीची काच तळपते, डागावर मात्र झाकण. शॉट होतो, डाग वाढत नाही. पुढं सवडीनं ती काच काढतात, कार्बन डायऑक्साइड लेझरनं खड्ड्याच्या कडा वितळवून गोलसर करतात आणि काच पुन्हा जागेवर बसवतात.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मैलभर पुढे असलेल्या एका जखमेसाठी उगमापाशी सावली धरायची. कुणीतरी त्या डागाचं ऐकून घेतलं होतं, त्याला लपवलं नव्हतं. मला बार्शीच्या मुलाच्या डोळ्यावरचा मधोमधचा ठिपका आठवत होता. डोळ्याच्या पडद्याला अशी दुरुस्ती नाही.

आणखी एक गोष्ट मला धीर देऊन गेली. माणसांच्या सुरक्षेची व्यवस्था त्या अवाढव्य सॉफ्टवेअरच्या हाती सोपवलेली नाही. दारं, शटर, हॉलमध्ये कुणी राहिलंय का, ऊर्जा भरायला परवानगी आहे का, हे सांभाळणारी इंटरलॉकची यंत्रणा निराळी, स्वतंत्र आहे, आणि ती पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, चालते. पीएलसी! जो डबा मी गेली पंचवीस वर्षं भोसरीत, चाकणला, रांजणगावला बसवतेय, त्याच कुळातला. वरच्या शेकडो कॉम्प्युटरनी एकमुखानं ‘चला’ म्हटलं, तरी एका दाराचा स्विच ‘नाही’ म्हणाला की लेझरसाठी वीज साठवणारे कॅपॅसिटर चार्ज होत नाहीत. आमच्या भाषेत याला परमिसिव्ह म्हणतात. परमिसिव्ह मिळाला नाही की मशिन हलत नाही, आणि वर कुणाचीही ओळख असून उपयोग नसतो.

शेवटच्या टप्प्यात काउंटडाउन चालू होतो, कॅपॅसिटरमध्ये मिनिटभर ऊर्जा भरली जाते, आणि या सगळ्या वेळात थांबवायची सोय उघडी असते. ५ डिसेंबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर अशाच एका शॉटमध्ये लेझरनं गोळीच्या नळकांड्याला २.०५ मेगाजूल दिले आणि संलयनातून ३.१५ मेगाजूल बाहेर आले. लेझर चालवायला भिंतीतून घेतलेली वीज मात्र सुमारे ३०० मेगाजूल होती, म्हणून वीजघराच्या गप्पा इतक्यात नकोत. पण दिलं त्याहून जास्त परत आलं, हे प्रयोगशाळेत पहिल्यांदाच घडलं. वर्तमानपत्रांनी सूर्याचं चित्र छापलं. मी त्या रात्री पॅनलवर बसलेल्यांचा विचार करत होते. त्यांच्या यादीतल्या प्रत्येक ‘तयार’मागे कुणीतरी खरंच दार उघडून पाहिलेलं असणार.

मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा पॅनल शॉपमध्ये एक वायरमन काका होते. सातवी शिकलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांच्या खाकी शर्टाच्या वरच्या खिशात कायम पाच लाल वायरी असत, दोन्ही टोकांना मगरीच्या जबड्यासारख्या क्लिपा लावलेल्या. जंपर मारायचा तर त्यांच्यातल्याच वायरीनं. पॅनलमधली दुसरी कुठलीही वायर तोडून जंपर केलेला त्यांना खपायचा नाही. “लाल का माहितेय का पोरी? पॅनलमध्ये डोळ्यात खुपावी म्हणून.” संध्याकाळी हात धुवायच्या आधी ते खिशातल्या वायरी मोजत. पाच भरल्या तरच डबा उचलत. साइटवरून परत येताना बस सुटायची वेळ झाली तरी आधी मोजणं. मला तेव्हा त्याची घाई व्हायची. पुढं मी इंजिनियर झाले, टीम मोठी झाली, वायरींचे तुकडे हाताशी असायचे आणि खिसा नव्हता. काका गेले त्याला बारा वर्षं झाली.

त्या मुलाला आम्ही आता डिझाइनच्या टेबलावर घेतलं आहे. डाव्या डोळ्यानं तो चांगलं वाचतो, ड्रॉइंग बारकाईनं तपासतो. मालकांशी त्याच्या भरपाईचं बोलणं अजून चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. चेकलिस्टची ती ओळ मी बदलली आहे : दार कोणी उघडलं, कोणी पाहिलं, किती वाजता, अशा दोन वेगळ्या माणसांच्या दोन सह्या. माझी सही असलेली जुनी चेकलिस्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

या जूनमध्ये एक नवी मुलगी ट्रेनी म्हणून आली. तिला मी पहिल्या दिवशी पाच लाल वायरी दिल्या, क्लिपा लावलेल्या. तिनं विचारलं, “मॅडम, हिशेब कुठं लिहायचा?” लिहायचा नाही, मोजायच्या, असं सांगितलं. मागच्या आठवड्यात चाकणला एका प्रेसच्या पॅनलचं काम होतं. दिवसभर पाऊस, लाइट दोनदा गेली, सगळे कंटाळलेले. साडेसातला गाडी दारात आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती हात पुसत आली आणि तिनं सॅकमधून वायरी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या.

चारच होत्या.

आम्ही दोघी परत आत गेलो आणि पॅनलचं दार उघडलं.